कारबाइनचा आराखडा कोणाचा?

शस्त्रास्त्रांविषयी लिहिताना समाजवादी कार्यकर्त्याची लेखणी किंचित अडखळते. युद्धखोरीला विरोध हा आपल्या विचाराचा पिंड आहे. तेव्हा बंदुकीची नळी किती लांब असावी ह्या प्रश्नाशी आपला संबंध काय, असे कोणाही साथीला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बंदूक विकत घेतली जाते ती जनतेच्या पैशाने, ती घडवितो तो कामगार, आणि ती हातात धरून बर्फात किंवा जंगलात उभा राहतो तो बहुधा शेतकऱ्याचा नाहीतर शेतमजुराचा मुलगा. ह्या तिघांचे हितसंबंध जिथे एकत्र येतात, तो प्रश्न तज्ज्ञांवर आणि व्यापाऱ्यांवर सोपवून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे लिहिण्याचे निमित्त असे. ३० डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय संरक्षण मंत्रालयाने निकटच्या लढाईसाठी लागणाऱ्या सव्वाचार लाखांहून अधिक कारबाइनच्या खरेदीचे करार केले. रक्कम २,७७० कोटी रुपये. म्हणजे जोडसामानासह एका कारबाइनला सरासरी ६५ हजार रुपये. करार दोन खाजगी कंपन्यांशी झाले. एक पुण्याची भारत फोर्ज. दुसरी अदानी समूह आणि इस्रायलची आयडब्ल्यूआय ह्यांच्या भागीदारीतील पीएलआर सिस्टिम्स. मागणीचा मोठा वाटा भारत फोर्जकडे आला आहे, आणि ती कंपनी जी कारबाइन बनविणार आहे तिचा आराखडा पुण्याच्याच पाषाण भागातील ‘एआरडीई’ ह्या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेत जन्मला आहे. देशी आराखडा, देशी उत्पादन म्हणून ह्या घटनेचे स्वागत झाले. त्या स्वागतात आम्हीही सामील होऊ; पण एक प्रश्न विचारून. ह्या कारबाइनचा आराखडा उद्या कोणाच्या मालकीचा राहणार?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी आधी कारबाइन म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कारबाइन म्हणजे आखूड आणि हलकी रायफल. पूर्वी घोडदळातील स्वाराला लांब बंदूक घोड्यावर आवरत नसे, म्हणून त्याला आखूड बंदूक देत. आज घोड्याची जागा चिलखती गाडीने आणि हेलिकॉप्टरने घेतली आहे. गरज तीच राहिली आहे. ती दोन प्रकारच्या सैनिकांना भासते. एक, ज्याचे मुख्य काम दुसरेच आहे: तोफ डागणारा, गाडी हाकणारा, संदेशयंत्रणा सांभाळणारा. दुसरा, ज्याला काश्मीरमधल्या एखाद्या घरात, अरुंद जिन्यावरून, दाराआड कोण आहे हे ठाऊक नसताना शिरावे लागते. तिथे लांब नळी चौकटीला अडते, आणि अडलेला तो क्षण जिवावर बेततो.

मात्र नळी आखूड करणे म्हणजे लांब नळी कापून टाकणे नव्हे. काडतुसातील दारू पेटून जो वायू निर्माण होतो, तो गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत असतो. नळी जितकी आखूड, तितका हा ढकलण्याचा अवधी कमी आणि गोळीचा वेगही कमी. अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलची नळी सुमारे ५१ सेंटिमीटरची. तिच्यापासून काढलेल्या एम-४ कारबाइनची सुमारे ३७ सेंटिमीटरची. पहिलीतून गोळी सेकंदाला ९४० मीटरच्या आसपास वेगाने सुटते, दुसरीतून ९०० किंवा त्याहूनही कमी. फरक किरकोळ वाटेल. परंतु ही ५.५६ मिलिमीटरची गोळी जेमतेम चार ग्रॅम वजनाची आहे. तिची सारी ताकद वेगात आहे. वेग एका मर्यादेखाली गेला की ती गोळी आपले काम करीनाशी होते, आणि आखूड नळीच्या बाबतीत ही मर्यादा फार जवळच्या अंतरावर येते.

किंमत एवढ्यावरच संपत नाही. न जळलेली दारू नळीबाहेर पेटते. त्यामुळे धडाका आणि लोळ वाढतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने ह्याच घराण्यातील साडेअकरा इंची नळीची छोटी बंदूक वापरली, तेव्हा आवाज आणि लोळ आवरण्यासाठी तिच्या तोंडाला वेगळे नळकांडे बसवावे लागले. शिवाय ज्या छिद्रातून थोडा वायू मागे वळवून बंदूक आपोआप पुन्हा भरली जाते, ते छिद्र आखूड नळीत काडतुसाच्या जवळ येते. तिथे दाब अधिक असतो. सारी यंत्रणा जोराने आणि घाईने हलते, आणि तिचे भाग लवकर झिजतात. हातात सुटसुटीतपणा येतो तो पल्ला, शांतता आणि टिकाऊपणा ह्यांच्या मोबदल्यात. ह्यातले किती द्यायचे आणि किती राखायचे, हा हिशेब म्हणजेच आराखडा. तो कागदावर एकदा मांडून संपत नाही. रणांगणावरून येणाऱ्या तक्रारींप्रमाणे वर्षानुवर्षे तो दुरुस्त करीत राहावे लागते. म्हणूनच ज्याच्या हाती आराखडा, त्याच्याच हाती दुरुस्तीचा अधिकार, उत्पादनाचा अधिकार आणि भाव सांगण्याचाही अधिकार असतो.

ह्याबाबतीत भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, काय घडले ते पाहण्यासारखे आहे. तिथला अनुभव दोन्ही बाजूंचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४१ साली एम-१ कारबाइन स्वीकारली. मूळ आराखडा विंचेस्टर ह्या खाजगी कंपनीचा. पण सरकारने त्याचा परवाना घेतला आणि तोच आराखडा अनेक कारखान्यांच्या हाती दिला. जनरल मोटर्सचा इनलँड विभाग, टंकलेखनयंत्रे बनविणारी अंडरवुड, हिशेबयंत्रे बनविणारी आयबीएम, इतकेच काय, हॉटेलांत नाणे टाकून गाणी वाजविणारी यंत्रे बनविणारी रॉक-ओला, ह्या सर्वांनी एकच कारबाइन घडविली. एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या बंदुकीत बसला पाहिजे, ही अट होती. १९४५ पर्यंत साठ लाखांहून अधिक कारबाइन तयार झाल्या. खाजगी उद्योगाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे उदाहरण नीट वाचावे. कारखाने खाजगी होते हे खरे, पण आराखडा, मापे, तपासणी आणि मागणी ही सारी सार्वजनिक सत्तेच्या हाती एकवटलेली होती. यश आले ते त्यामुळे.

एम-४ ची कथा ह्याच्या उलट आहे. ती कारबाइन १९८० च्या दशकात कोल्ट कंपनीत आकाराला आली आणि १९९४ मध्ये अमेरिकन सैन्यात अधिकृतपणे दाखल झाली. ह्याच काळात कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे कोल्टच्या कामगारांनी जो लढा दिला, त्याचा उल्लेख बंदुकांच्या इतिहासात क्वचितच सापडतो. कराराविना काही महिने काम केल्यावर जानेवारी १९८६ मध्ये मोटार-कामगार संघटनेच्या तिथल्या शाखेचे हजारावर सभासद संपावर गेले. कंपनीने त्यांच्या जागी बदली कामगार भरले. संप चार वर्षे चालला. दरम्यान १९८८ मध्ये एम-१६ रायफलचे सरकारी कंत्राट कोल्टच्या हातून गेले आणि बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या अमेरिकेतील कारखान्याला मिळाले. सरकारला हे करता आले, कारण एम-१६ च्या आराखड्याचा परवाना त्याने १९६७ सालीच विकत घेऊन ठेवलेला होता. अखेर कामगार-न्यायव्यवस्थेचा निर्णय कामगारांच्या बाजूने लागला. १९९० मध्ये कामगारांना थकलेल्या वेतनाची भरपाई मिळाली आणि कंपनीची मालकी बदलली. नव्या मालकांत कामगार संघटना होती आणि अडीच कोटी डॉलर गुंतविणारा कनेटिकट राज्याचा निवृत्तिवेतन निधीही होता. हा प्रयोगही फार काळ टिकला नाही. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. पण व्यवस्थापनाच्या हट्टापायी कंत्राट, कौशल्य आणि चार वर्षे ह्यांची कशी राखरांगोळी होते, ते तिथे दिसले.

एम-४ च्या बाबतीत मात्र सरकारचे हात बांधले गेले. १९९६ मध्ये नौदलाच्या एका केंद्राने ह्या कारबाइनचा तांत्रिक आराखडा स्पर्धात्मक निविदेसाठी २१ कंपन्यांना पाठविला. तसे करणे कोल्टशी असलेल्या परवान्याच्या विरुद्ध होते. कंपनीने हरकत घेतली, आणि तडजोड म्हणून २००९ पर्यंत एम-४ पुरविण्याचा एकमेव हक्क तिच्याकडे गेला. ह्याच काळात अमेरिका अफगाणिस्तान आणि इराक ह्या दोन युद्धांत उतरली, आणि जगातील सर्वांत श्रीमंत सैन्य आपल्या पायदळाच्या मुख्य शस्त्रासाठी एकाच पुरवठादाराच्या दारात उभे राहिले.

ह्या काळात तक्रारी आल्या नाहीत असे नाही. २००७ मध्ये धुळीत घेतलेल्या चाचणीत चार प्रकारच्या कारबाइनमधून प्रत्येकी साठ हजार फैरी झाडण्यात आल्या. एम-४ एकूण ८८२ वेळा अडली. तिच्या तीन प्रतिस्पर्ध्यांपैकी सर्वोत्तम ठरलेली १२७ वेळा. त्याआधीच्या तशाच एका चाचणीत एम-४ ३०७ वेळाच अडली होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १३ जुलै २००८ रोजी अफगाणिस्तानातील वनाट येथे अमेरिकेच्या एका छोट्या चौकीवर मोठा हल्ला झाला आणि नऊ सैनिक मारले गेले. सतत गोळीबार करता करता कारबाइनच्या नळ्या तापून बंद पडल्याचे वाचलेल्या सैनिकांनी सांगितले. सैन्याच्या अभ्यासाने उत्तर दिले की शस्त्र दोषी नाही, त्याच्या मर्यादेपलीकडे गोळीबार झाला. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. दीर्घकाळ झाडायचे तर मिनिटाला बारा ते पंधरा फैरी ही ह्या कारबाइनची मर्यादा. पण शत्रू कुंपणाशी आलेला असताना फैरी मोजत बसणार कोण? निकट लढाईसाठी कापलेल्या, हलक्या केलेल्या शस्त्रावर संपूर्ण लढाईचे ओझे टाकले, की असेच होणार. २०१० नंतर नव्या कारबाइनसाठी स्पर्धा मांडली गेली आणि २०१३ मध्ये ती गुंडाळलीही गेली. मात्र एकाधिकाराची मुदत संपली होती. त्याच वर्षी सरकारने एक लाख वीस हजारांपर्यंत कारबाइनचे सात कोटी सत्तर लाख डॉलरचे कंत्राट एफएनला दिले; म्हणजे नगाला साधारण ६४२ डॉलर. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, कोल्ट पुन्हा दिवाळखोरीत गेली, आणि २०२१ मध्ये एका झेक समूहाने ती विकत घेतली. एकाधिकाराने सैनिकाला वाचविले नाही, कामगाराला वाचविले नाही आणि शेवटी कंपनीलाही वाचविले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या जवानाच्या हाती दीर्घकाळ जी ‘कारबाइन’ होती, ती वस्तुतः इंग्रजी स्टर्लिंगच्या धर्तीवर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी ९ मिलिमीटरची सबमशीनगन. तिचे काडतूस पिस्तुलाचे. शंभर-दीडशे मीटरपलीकडे ती निरुपयोगी, आणि अंगावर चिलखत घातलेल्या अतिरेक्यापुढे हतबल. तिच्या जागी ‘इन्सास’ मालिकेतील कारबाइन यावयाची होती. ती सैन्याने स्वीकारली नाही. मग परदेशी खरेदीचे पर्व सुरू झाले. ४४ हजारांहून अधिक कारबाइनची निविदा अनेक वर्षे चाचण्यांत अडकून २०१६ मध्ये रद्द झाली, कारण शर्यतीत एकच विक्रेता उरला होता. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील कॅराकल कंपनीची ९३,८९५ कारबाइनसाठी तातडीच्या मार्गाने निवड झाली; तो व्यवहार २०२० मध्ये सोडून देण्यात आला. जुलै २०२२ मध्ये सुमारे चार लाख कारबाइन देशातूनच घेण्यास मंजुरी मिळाली, आणि करार व्हायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. ह्या सगळ्या वर्षांत घरांची झडती घ्यायला जाणारा जवान हाताला मिळेल त्या शस्त्रानिशी जात राहिला.

सार्वजनिक क्षेत्राचे आम्ही पाठीराखे आहोत. पण म्हणून त्याच्या दोषांवर पांघरूण घालणार नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सासच्या काडतूसपेट्या तडकल्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. सरकारी कारखान्यांतून निघालेल्या मालाच्या दर्जाविषयी सैन्याने केलेल्या तक्रारीही सर्वस्वी खोट्या नव्हत्या. परंतु त्याच सार्वजनिक क्षेत्राने ५.५६ × ३० मिलिमीटरच्या आखूड काडतुसाची एक कारबाइन घडवून दाखविली, हेही तितकेच खरे आहे. आराखडा पुण्याच्या एआरडीईचा, बंदूक कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची, काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. वजन सुमारे तीन किलो, पल्ला शंभर मीटरहून अधिक. उन्हाळ्यातील आणि अतिउंच प्रदेशातील थंडीतील चाचण्या पार करून डिसेंबर २०२० मध्ये ती सैन्याच्या शेवटच्या चाचणीलाही उतरली. म्हणजे आराखडा, बंदूक आणि काडतूस ही तिन्ही अंगे सार्वजनिक क्षेत्रात एका साखळीत जुळली होती.

त्यानंतर दहा महिन्यांच्या आत ही साखळी ज्या मंडळाच्या छत्राखाली होती, ते ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच विसर्जित करण्यात आले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. बंदुका एका कंपनीकडे गेल्या, दारूगोळा दुसऱ्या कंपनीकडे. कामगारांनी ऑगस्ट २०१९ मध्ये ह्याच धोरणाविरुद्ध संप केला होता. २०२१ मध्ये तो पुन्हा होऊ नये म्हणून सरकारने आधी वटहुकूम आणि मग अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आणला. जादा वेळ काम करण्यास नकार देणे हेदेखील त्या कायद्याने संपाच्या व्याख्येत बसविले आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद केली. कायद्याची मुदत एक वर्षाची होती. पण त्या एका वर्षात जे करायचे ते करून झाले होते. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा, चांदा येथील आपल्या कामगार बंधूंनी तो काळ अनुभवला आहे. ह्याच संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे अध्यक्षपद एस. एम. जोशींनी सांभाळले होते. देशाचे संरक्षण आणि कामगाराचा हक्क ह्यांत विरोध नाही, हा त्या नेतृत्वाचा पायाच होता. कायदा करणाऱ्यांना तो कधी समजलाच नाही.

आता नव्या कराराकडे पाहा. पाषाणच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जनतेच्या पैशाने जे ज्ञान साठले, त्यावर आधारलेली कारबाइन खाजगी कारखान्यात बनणार आहे. खाजगी कारखान्यात बनते एवढ्यावरून आम्ही तिला विरोध करणार नाही. एम-१ कारबाइनचे उदाहरण आम्हीच वर दिले आहे. जवानाला पंचवीस वर्षे वाट पाहायला लावून आता तत्त्वाच्या नावाने आणखी वाट पाहायला सांगणे हा समाजवाद नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, की कारखाना कोणाचाही असो, आराखडा जनतेचा राहिला पाहिजे. आणि त्यासाठी चार गोष्टी मागितल्या पाहिजेत.

पहिली, आराखडा आणि त्यात पुढे होणाऱ्या प्रत्येक सुधारणेवर एआरडीईची, म्हणजे राष्ट्राची, कायमची मालकी राहील, हे करारात स्पष्ट असावे. आणि हस्तांतरणाच्या अटी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवल्या जाव्यात. उत्पादक कंपनीने दोन स्क्रू बदलून त्यावर स्वतःचा हक्क सांगावा आणि दहा वर्षांनी सरकारने तिच्या दारात उभे राहावे, असे होता कामा नये. दुसरी, तोच आराखडा एका तरी सरकारी कारखान्याला उत्पादनासाठी दिला जावा. दोन ठिकाणी बनणारी वस्तू कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. आणि संकटकाळी कानपूरचा अनुभवी कामगार रिकामा बसविणे हा गुन्हा ठरेल. तिसरी, चाचण्यांचे निष्कर्ष आणि पुढे वापरात येणाऱ्या तक्रारी स्थायी समितीला नियमितपणे कळविल्या जाव्यात. बंदूक कोणत्या मर्यादेपर्यंत साथ देते, हे ती हाती घेणाऱ्या जवानाला आधी कळले पाहिजे. वनाटसारख्या प्रसंगानंतर नव्हे. चौथी, ही कारबाइन घडविणारा कामगार, मग तो सरकारी असो की खाजगी, कायम असो की कंत्राटी, त्याचा संघटनेचा आणि संपाचा हक्क संरक्षणाच्या नावाखाली हिरावून घेतला जाऊ नये.

निर्यातीचा प्रश्नही ह्याच्याशीच निगडित आहे. आखूड आणि हलके शस्त्र वाहून न्यायला व लपवायला सोपे; ते ज्याला विकले त्याच्याच हाती राहते असे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये काश्मीरमधील पुलवामा येथे मारल्या गेलेल्या अतिरेक्यांजवळ अमेरिकन बनावटीची एम-४ सापडली होती. हजारो मैलांवर घडलेली कारबाइन आपल्या जवानावर रोखली गेली. उद्या पुण्यात घडलेली कारबाइन कोणत्या हुकूमशहाच्या पोलिसांच्या हाती जाईल, ह्याची काळजी नफ्याच्या ताळेबंदात मांडली जात नाही. आराखडा जनतेचा असेल, तरच ‘ह्या देशाला विकायची नाही’ असे ठामपणे म्हणण्याचा अधिकारही जनतेकडे राहील.

पुणे जिल्ह्यातील साथींसाठी हा विषय दूरचा नाही. पाषाणची प्रयोगशाळा, मुंढव्याचा कारखाना आणि खडकीचा दारूगोळा कारखाना ही तिन्ही एकाच शहरात आहेत. पण तिथल्या माणसांना एकत्र बसवून ह्या प्रश्नावर बोलते करण्याचे काम अजून कोणी केलेले नाही. वरील चार मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी खडकीच्या संघटनांकडे, मुंढव्यातील कामगारांकडे आणि आपापल्या खासदारांकडे जावे. सव्वाचार लाख कारबाइन तयार होऊन जवानांच्या हाती पडायला काही वर्षे लागतील. मागण्या मान्य करून घ्यायच्या, तर त्या ह्या वर्षांतच करून घ्याव्या लागतील.